भुकेल्याला अन्न दिले, परक्याला घरात घेतले का?



मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातील अखेरच्या न्यायाचा प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रायश्चित्तकाळाच्या सुरुवातीला तो वाचला जातो, मयताच्या मिस्सातही पुष्कळदा निवडला जातो. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान अशी सहा माणसे त्यात येतात. ही यादी इतक्या वेळा कानांवरून गेलेली आहे की तिच्यातली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. भुकेला आणि परका ही तिथे दोन वेगळी कलमे आहेत. भुकेल्याला प्रभू खायला द्यायला सांगतो. परक्याला मात्र काही द्यायला सांगत नाही, त्याला आत घ्यायला सांगतो. मूळ ग्रीक भाषेत त्या ठिकाणी 'सुनागो' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ गोळा करणे, एकत्र आणणे. यहुदी सभास्थानासाठी आपण 'सिनेगॉग' हा जो शब्द ऐकतो तो याच क्रियापदापासून आला आहे. परक्याला आपल्या गोतावळ्यात ओढून घेणे, असा तो भाव आहे.

पहिल्या कलमात आपला धर्मग्राम मागे नाही, हे मी आनंदाने म्हणेन. संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे कार्यकर्ते दर महिन्याला शिधा पोहोचवतात. महिला मंडळ आजाऱ्यांच्या घरी जेवण देते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपल्या वसईत कितीतरी घरांतून पोळी-भाजीची पाकिटे निघाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात गावी जाणाऱ्या गाड्यांसाठी सनसिटी मैदानावर हजारो मजूर उन्हात जमले होते, ते दृश्य अजून कोणी विसरलेले नाही. त्या दिवसांत पाकीटच योग्य होते. संसर्गाची भीती होती, हातभर अंतर ठेवणे हाच शेजारधर्म होता. पण तो काळ संपला तरी पाकिटाची सवय राहिली आहे. आजही आपण परक्याच्या हातात काहीतरी ठेवतो, आशीर्वाद देतो आणि दार लावून घेतो. त्याने आपल्यासमोर बसून दोन घास खावेत, त्याची मुले किती, गावी पाऊस झाला का, असे आपण त्याला विचारावे आणि त्यानेही आपल्याला काही विचारावे, असा प्रसंग वर्षातून किती वेळा येतो? आजच्या लेखाचा विषय हाच आहे. अन्न देणे वेगळे आणि सोबत जेवणे वेगळे. ख्रिस्ताने दोन्ही सांगितले आहे आणि आपण बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतो.

अतिथी आणि पाहुणा

तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला शब्दांची फोड करण्याची खोड असते, ती थोडी सहन करावी. आपल्या भाषेत पाहुणा आणि अतिथी असे दोन शब्द आहेत. पाहुणा बहुधा ओळखीचा असतो. तो फोन करून येतो, येताना केळी किंवा मिठाई आणतो, आणि पुढच्या महिन्यात आपण त्याच्याकडे जातो. अतिथीची फोड मात्र जुने लोक 'ज्याच्या येण्याला तिथी नाही तो' अशी करत आले आहेत. तैत्तिरीय उपनिषदात देव मानायला सांगितले आहे ते अतिथीला. ग्रीक भाषेत 'क्सेनोस' या एकाच शब्दाचे परका आणि पाहुणा असे दोन्ही अर्थ होतात. रोमकरांस पत्रात (१२:१३) आणि इब्री लोकांस पत्रात (१३:२) आपल्या बायबलमध्ये जिथे पाहुणचार किंवा अतिथिप्रेम असे भाषांतर येते, तिथे मूळ शब्द 'फिलोक्सेनिया' आहे, म्हणजे परक्यावरचे प्रेम. आपल्याच माणसांना जेवू घालण्याला हा शब्द लागू पडत नाही. ते चांगलेच आहे, पण ते वेगळे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ साली शाश्वत शांतीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो की दुसऱ्याच्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रूसारखे वागवले न जाण्याचा हक्क आहे. त्याचे कारण मोठे गमतीदार आहे. पृथ्वी गोल आहे, माणसे तिच्यावर अनंत दूर पांगू शकत नाहीत, तेव्हा कधी ना कधी त्यांना एकमेकांना सोसावेच लागणार! परंतु कांट तिथेच थांबतो. येण्याचा हक्क आहे, पाहुणा म्हणून वागवले जाण्याचा हक्क नाही, असे तो स्पष्ट सांगतो. कायद्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर आहे, कोणत्याही कायद्याने कोणाला जेवायला बोलावता येत नाही. त्याच्या दोन हजार वर्षे आधी ॲरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना एका म्हणीचा आधार घेतला होता. दोन माणसांनी एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय त्यांना एकमेकांची ओळख पटत नाही, असा तिचा अर्थ. आपण खाल्ल्या मिठाला जागण्याची गोष्ट करतो. तिथे मीठ खाणारा एक आणि देणारा दुसरा असतो, एक धनी आणि एक चाकर. ॲरिस्टॉटलच्या म्हणीत दोघेही खातात. मला तो फरक महत्त्वाचा वाटतो.

प्रभू येशूवरचा आरोप

परुशी आणि शास्त्री येशूविषयी कुरकुर करतात तो आरोप काय होता ते नीट वाचा (लूक १५:२). हा पापी लोकांना अन्न देतो, असा तो नव्हता. त्याबद्दल कोणी तक्रार केली नसती, भिक्षा देणे हे यहुदी धर्मातही पुण्यकर्मच होते. तो त्यांच्यासोबत जेवतो, ही तक्रार होती. सोबत जेवणे म्हणजे हा माझ्या बरोबरीचा आहे असे चारचौघांत जाहीर करणे. जकातदार मत्तय ऊर्फ लेवीच्या घरी, परुशी शिमोनाच्या घरी, जक्कयाच्या घरी, बेथानीला मार्था-मरियेच्या घरी, असा लूकचा येशू सारखा कोणाच्या तरी पंगतीला बसलेला दिसतो.

यात आणखी एक बारकावा आहे. या बहुतेक जेवणांत येशू यजमान नाही, पाहुणा आहे. जक्कयाकडे तर त्याने स्वतःच स्वतःला बोलावून घेतले. शिष्यांना पाठवतानाही तो सांगतो की ज्या घरी जाल तिथे समोर ठेवतील ते खा (लूक १०:७-८). आपल्याला देणारा होणे आवडते. देणाऱ्याचा हात वर असतो. बाहेरच्या माणसाकडचे खाणे मात्र जड जाते. 'त्यांच्याकडे स्वच्छता नसते', 'त्यांच्या तेलाचा वास येतो', 'उगाच त्यांना खर्चात कशाला पाडायचे', अशी कारणे आपण सांगतो. शेवटचे कारण तेवढे सभ्य आहे. पण ज्याच्याकडे आपण कधीच पाणी पीत नाही, त्याला आपण कितीही शिधा दिला तरी तो आपला शेजारी होत नाही. उत्तर प्रदेशातल्या सुताराने ईदला किंवा छटपूजेला घरी बोलावले, तर दहा मिनिटे का होईना जावे, तो वाढेल ते गोड म्हणून घ्यावे. (देवाला दाखवलेल्या नैवेद्याचे काय, असे पुष्कळजण विचारतात. करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ ते १० हे अध्याय घरी सावकाश वाचा. मूर्ती काहीच नाही हेही पौल सांगतो आणि दुसऱ्याच्या दुबळ्या विवेकाला ठेच लागू देऊ नका हेही सांगतो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.)

अंत्युखियातले ताट

आरंभीच्या ख्रिस्तसभेतील सर्वांत मोठे भांडण कशावरून झाले असेल, तर ते जेवणावरून. पेत्र कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी गेला, तिथे राहिला. यरुशलेमला परतल्यावर त्याला विचारण्यात आले की सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन तू त्यांच्यासोबत जेवलास कसा (प्रेषितांची कृत्ये ११:३). पेत्राने तेव्हा ठाम उत्तर दिले. पण पुढे अंत्युखिया शहरात काय झाले ते गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने लिहून ठेवले आहे. पेत्र तिथे परराष्ट्रीय बांधवांसोबत जेवत असे. मग याकोबाकडून काही माणसे आली आणि पेत्र हळूहळू बाजूला होऊ लागला. त्याचे पाहून इतर यहुदी ख्रिस्ती बाजूला झाले, बर्णबासुद्धा वाहवला. पौलाने सर्वांसमोर पेत्राला तोंडावर विरोध केला.

पेत्राने काय चुकीचे शिकवले होते? काहीच नाही. त्याने कोणताही सिद्धांत नाकारला नाही, कोणाला दूषण दिले नाही, कोणाला मंडळीतून काढले नाही. फक्त ताट उचलून तो दुसऱ्या पंगतीला जाऊन बसला. आणि पौल म्हणतो की एवढ्यानेच शुभवर्तमानाच्या सत्याला तडा जातो. तो प्रसंग जिथे घडला त्या अंत्युखियातच शिष्यांना पहिल्यांदा 'ख्रिस्ती' हे नाव मिळाले होते (प्रेषितांची कृत्ये ११:२६). यहुदी आणि परराष्ट्रीय एकत्र येऊन जो नवा समूह तयार झाला त्याला काय म्हणावे हे लोकांना कळेना, म्हणून ते नाव पडले असावे, असे मला वाटते. पंगती वेगळ्या झाल्या असत्या तर त्या नावाची गरज उरली नसती.

करिंथमध्ये दुसरीच तऱ्हा. तिथे लोक प्रभुभोजनासाठी एकत्र जमत, पण सुखवस्तू मंडळी आधी येऊन पोटभर खात-पीत आणि कष्टकरी उशिरा येत तेव्हा त्यांना उपाशी राहावे लागे (१ करिंथ ११:२०-२२). अशा जेवणाला प्रभुभोजन म्हणताच येत नाही, असे पौल सुनावतो. यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांना कमी-जास्त वाढणे. आपल्या महाराष्ट्राला हा शब्द घडवावा लागला, यातच सगळा इतिहास आला. कोणी कोणाच्या हातचे खायचे यावर इथली समाजव्यवस्था उभी होती. म्हणूनच तिच्याशी लढणाऱ्यांनी जेवणाचेच हत्यार उचलले. संत एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्याची कथा पैठणपासून सर्वत्र सांगितली जाते. समतानंद अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घातली. केरळात चेराई येथे १९१७ साली सहोदरन अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडवून आणले, तर त्यांच्याच समाजाने त्यांना हिणवून 'पुलयन' अय्यप्पन म्हटले. शीख बांधवांच्या लंगरमध्ये राजा आणि भिकारी एका पंगतीला जमिनीवर बसतात. यांपैकी कोणीही आपल्या चर्चचे नव्हते. तरी पेत्र अंत्युखियात जे विसरला ते त्यांना समजले होते, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आपले मागचे दार

आता आपल्याकडे येऊ. वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बाईसाठी मागच्या पडवीत कोनाड्यात वेगळा कप ठेवलेला असतो. सगळ्या घरांत नसतो, पण अजून आहे. तो कप तिचा तिने विसळून पालथा घालायचा. हीच बाई ख्रिस्ती असेल तर रविवारी मिस्साला आपल्या मागच्या रांगेत उभी राहून त्याच पेल्यातला, त्याच ताटातला प्रभू स्वीकारते. वेदीजवळ एक ताट आणि पडवीत दोन कप, या दोहोंची सांगड कशी घालायची? भारताच्या कॅथोलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात आपल्या ख्रिस्तसभेत अस्पृश्यता आहे हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. तो कागद फक्त दक्षिणेतल्या चर्चसाठी होता असे समजू नये.

लग्नाचे बघा. मांडवात हजार पाने उठतात. मांडव घालणारी मुले, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, वाजंत्री आणि गाड्यांचे चालक यांचे जेवण सर्वांत शेवटी, मांडवाच्या मागे, उभ्या उभ्या, जे उरले असेल ते. आणि ज्यांना सन्मानाने बसवतो त्यांच्या आहेराची नोंद वहीत होते, ती वही पुढच्या लग्नाआधी बाहेर काढली जाते. लूकच्या १४व्या अध्यायात (१२-१४) येशू आपल्या यजमानालाच सांगतो की मेजवानी देशील तेव्हा मित्र, भाऊ, नातेवाईक आणि श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, कारण ते परतफेड करतील. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. नातेवाइकांना टाळा असा त्याचा शब्दशः अर्थ कोणी लावत नाही. पण आपल्या पन्नास पंगतींपैकी एकही अशी नसावी का, जिची वही ठेवता येणार नाही?

बाहेरचा माणूस म्हणजे फक्त गरीब, असेही नाही. आपण 'गाववाले' आणि 'बिल्डिंगवाले' असे दोन भाग पाडले आहेत. वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांच्या पुढे होती, त्यानंतर ती किती वाढली ते सकाळची लोकल सांगते. नव्या इमारतींत केरळच्या परिचारिका आहेत, मंगळूर आणि तामिळनाडूकडची कुटुंबे आहेत, झारखंड-छत्तीसगडहून घरकामाला आलेल्या कॅथोलिक आदिवासी मुली आहेत. दहाच्या मिस्साला ते मागच्या बाकांवर बसतात. मिस्सा संपली की आपण आवारात गावच्या गप्पा मारत उभे राहतो आणि ते एकेकटे फाटकाबाहेर पडतात. उत्तर भारतीय भाजीवाल्याला आपण 'भय्या' म्हणतो. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ भाऊ. आपण तो शब्द घेतला आणि नाते तेवढे गाळले.

श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्या दाखल्यात (लूक १६:१९-३१) एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. अधोलोकातून तो श्रीमंत मनुष्य अब्राहामाला हाक मारतो तेव्हा लाजराला पाठव, असे नाव घेऊन म्हणतो. म्हणजे त्याला नाव ठाऊक होते! आपल्या दारात कोण पडून असते हे त्याला माहीत होते. कदाचित मेजवरचे उरलेसुरलेही त्याला मिळत असेल, दाखल्यात तसे नाकारलेले नाही. फक्त त्या नावाने त्याला कधी आत हाक मारली गेली नाही.

अडचणी खऱ्या आहेत

हे वाचून काहीजण म्हणतील, फादर, तुम्हाला बोलायला काय जाते. त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. आपल्या जमिनी गेल्या, विहिरींचे पाणी टँकरने उपसले गेले, बांधकामांनी पाण्याच्या वाटा बुजल्या आणि पावसाळ्यात घरांत पाणी शिरते. हा राग खरा आहे. त्यासाठी ग्रामसभेत, महापालिकेत, न्यायालयात लढावे, आजवर आपण लढलोही आहोत. पण ज्याने विहीर उपसली तो आणि आपल्या इमारतीला गिलावा करणारा बिहारी मजूर हे एक नव्हेत. लढा धोरणाशी असावा, भुकेल्या पाहुण्याशी नसावा.

सुरक्षिततेची काळजीही योग्य आहे, विशेषतः ज्या घरात वृद्ध जोडपे एकटे राहते तिथे. ख्रिस्तसभेने भोळेपणा कधी शिकवला नाही. 'दिदाखे' नावाचे अगदी आरंभीच्या काळातील शिकवणुकीचे पुस्तक आहे. त्यात वाटसरूला मदत करा असे सांगून लगेच म्हटले आहे की त्याने दोन किंवा फार तर तीन दिवस राहावे, आणि स्थायिक व्हायचे असेल तर काम करून खावे. तेव्हाही पाहुणचाराचा गैरफायदा घेणारे होते. म्हणून अनोळखी माणसाला एकट्याने घरी आणू नये. दोन-तीन घरांनी मिळून बोलवावे, कुटुंबाला बोलवावे, आधी अंगणात चहा द्यावा. ओळख पायरीपायरीने वाढते.

आणखी एक शंका आजच्या दिवसांत महत्त्वाची आहे. ख्रिस्ती माणसाने इतर धर्मीयाला जेवायला बोलावले की यामागे काही हेतू तर नाही ना, असा संशय घेणारे असतात. यावर उपाय एकच, हेतू खरोखरच नसावा. ताटासोबत पत्रक देऊ नये, जेवणाआधीची प्रार्थना आपल्या रोजच्यासारखी लहान असावी, पाहुण्याला त्यात ओढू नये. तो त्याच्या देवाचे नाव घेईल तर शांत राहावे. अब्राहामाने मम्रेच्या झाडांखाली तीन वाटसरूंना थांबवले तेव्हा त्याने त्यांचा धर्म विचारला नाही (उत्पत्ती १८).

त्या प्रसंगात पुरुषांनी पाहण्यासारखे बरेच आहे. ऐन उन्हाच्या वेळी म्हातारा अब्राहाम धावतो, पाणी मागवतो, गुरांत जाऊन वासरू स्वतः निवडतो आणि पाहुणे जेवत असताना झाडाखाली उभा राहतो. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे पुरुषाने निमंत्रण द्यायचे आणि बाईने पहाटेपासून राबायचे. ती मग कुरकुरली तर मार्थाचे उदाहरण तिलाच सांगायचे! ज्याने बोलावले त्याने नारळ खवावा, भांडी घासावीत. नाहीतर घरातल्या बाईला बाहेरचा माणूस हे संकट वाटू लागेल, आणि तिचे चुकले असे म्हणता येणार नाही.

ताटात काय वाढायचे याचा बाऊ करू नये, फक्त आधी विचारावे. शाकाहारी असेल तर त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात शिजवावे आणि तसे त्याला सांगावे. मुसलमान पाहुणा असेल त्या दिवशी घरात डुकराचे मांस आणि दारू नको. तांदळाची भाकरी, डाळ, वाडीतली भाजी आणि वर सुकेळी, एवढे कोणत्याही धर्माच्या माणसाला चालते. पदार्थ जितके जास्त तितका पाहुणा अवघडतो.

संत बेनेडिक्ट आणि पोलंडची रिकामी खुर्ची

व्यवहाराच्या बाबतीत सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टकडून शिकण्यासारखे आहे. त्यांच्या मठनियमाचा ५३वा अध्याय पाहुण्यांविषयी आहे. येणाऱ्या प्रत्येकाचे ख्रिस्त समजून स्वागत करावे, गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी, कारण श्रीमंताचा दरारा आपोआपच त्याला मान मिळवून देतो, असे ते सांगतात. तेवढ्यावर न थांबता ते पुढे स्वयंपाकघराची व्यवस्था लावतात. पाहुणे अवेळी येणारच, तेव्हा त्यांच्यासाठी चूल वेगळी असावी, म्हणजे मठाचा दिनक्रम मोडणार नाही. आणि मठाधिपतीने पाहुण्यासाठी आपला उपवास मोडावा, मुख्य उपवासाचा दिवस नसेल तर. कडक शिस्तीच्या माणसाने हे लिहिले आहे. त्याच्याही आधी संत जॉन क्रिसोस्टम आपल्या श्रोत्यांना सांगत असे की घरात एक खोली परक्यासाठी राखून ठेवा, तिला ख्रिस्ताची खोली म्हणा, मग ती कितीही साधी असो. आज दीड खोलीच्या फ्लॅटमध्ये ते जमणार नाही. पोलंडमधल्या कुटुंबांनी त्यावर सोपी तोड काढली आहे. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला ते मेजावर एक ताट जास्तीचे मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी. आपल्याला त्यात थोडी सुधारणा करता येईल. ताट मांडण्याआधीच कोणाला तरी बोलावून यावे.

आपल्यापैकी किती घरांतली मुले आज कॅनडात, इंग्लंडमध्ये, आखातात आहेत! नाताळच्या दिवशी त्यांचा फोन आला की आई पहिला प्रश्न विचारते, आज जेवलास कुठे? कोणा अनोळखी शेजाऱ्याने त्याला घरी बोलावले हे कळले की तिचा जीव भांड्यात पडतो. त्या शेजाऱ्याचे नावही तिला नीट उच्चारता येत नाही, पण ती त्याच्यासाठी रोझरी म्हणते. आपला संत गोन्सालो गार्सियासुद्धा असाच. वसईत जन्मलेला हा मुलगा जपानमध्ये परदेशी म्हणून राहिला, तिथली भाषा शिकला, फ्रान्सिस्कन धर्मबंधूंचा दुभाषा झाला आणि १५९७ साली नागासाकीत ख्रिस्तासाठी क्रुसावर गेला. त्याआधीच्या वर्षांत कोणीतरी त्याला आपल्या चटईवर बसवून भात वाढला असेल. आपल्या वसईतही अशी हजारो घरे भाड्याने दिलेली आहेत जिथे कोणाच्या तरी आईचा मुलगा डब्यातले थंड जेवण एकटा खात असतो.

अम्माऊसच्या वाटेवरच्या दोन शिष्यांनी त्या अनोळखी वाटसरूला आग्रह करून थांबवले नसते, तर तो पुढे निघून गेला असता. लूकने तसे स्पष्ट लिहिले आहे (२४:२८). वाटेतले शास्त्राचे विवेचन ऐकून त्यांची अंतःकरणे तापली, पण डोळे उघडले ते मेजावर. तिथे पाहुणा म्हणून बसलेल्यानेच भाकर हाती घेतली आणि यजमान कोण, पाहुणा कोण, हे उलटून गेले. प्रत्येक मिस्सात आपण तेच करतो.

धर्मग्राम पालकीय मंडळाने यंदा एक छोटा उपक्रम ठरवला आहे. पोप फ्रान्सिस यांनी जागतिक गरीब दिन सुरू केला आणि १९ नोव्हेंबर २०१७ रोजी, त्या पहिल्याच दिनी, ते व्हॅटिकनच्या सभागृहात सुमारे दीड हजार गरिबांसोबत जेवायला बसले. हा दिवस सामान्यकाळाच्या ३३व्या रविवारी येतो. त्या रविवारी नेहमीप्रमाणे पाकिटे वाटली जाणार नाहीत. दहाच्या मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात पंगत बसेल. प्रत्येक कुटुंबाने घरच्या माणसांइतकेच बाहेरचे पाहुणे स्वतः जाऊन बोलवायचे आहेत. भाडेकरू, वाडीतले कामगार, इमारतीचा रखवालदार, मागच्या बाकावरची परिचारिका, धर्म कोणताही असो. निमंत्रण तोंडी द्यावे, मुलांकरवी पाठवू नये. ताटे सगळी स्टीलची आणि एकसारखी असतील. यजमान आणि पाहुणा शेजारी शेजारी बसतील, समोरासमोर नाही. वाढण्याचे काम या वर्षी पुरुष मंडळींकडे आहे, पहिल्या वाढीची जबाबदारी माझ्याकडे. भाषणे, सत्कार आणि छायाचित्रे यांना फाटा दिला आहे. मांडववाला, त्याची मुले आणि आचारी पहिल्याच पंगतीला बसतील. येणाऱ्या पाहुण्यांची संख्या व शाकाहारी किती, हे आपल्या विभागाच्या प्रमुखाकडे दोन आठवडे आधी कळवावे. ज्या पाहुण्याने उलट निमंत्रण दिले, त्याच्याकडे नाताळाआधी जाऊन यावे.

आपला,
धर्मग्रामगुरू